अडीचचे पंचवीस!

रात्री सव्वाअकराला मावशीचा फोन आला की दोनच शक्यता असतात. एकतर नातेवाइकांत कुणाचं तरी काहीतरी झालंय, नाहीतर तिच्या मोबाइलचा आवाज 'आपोआप' गेलाय. २०२४च्या दिवाळीआधीच्या त्या रात्री मात्र तिसराच लोच्या होता.

'अगं, साडेबावीस किलो चकल्या जास्त झाल्यात. तुझ्या त्या ग्रुपांवर टाकतेस का?'

मी अर्धवट झोपेत. साडेबावीस किलो चकली म्हणजे नेमकी किती, ते डोळ्यांसमोर येईना. दुसऱ्या दिवशी कोथरूडला गेले तेव्हा आलं. सोफ्यावर चकली, शिलाई मशीनवर चकली, टीव्हीच्या बाजूला चकली. काका बिचारे खुर्चीच्या एका टोकावर बसून पेपर वाचत होते, कारण उरलेल्या खुर्चीवरसुद्धा चकली!

तर मंडळी, माझ्या मावशीचा फराळाचा बिझनेस आहे. तळमजल्यावर पुढे छोटंसं दुकान, मागे किचन. वर्षभर पोळीभाजीचे डबे आणि दसरा ते भाऊबीज नुसता धुमाकूळ. मागे सात-आठ जणी भाजणी मळतायत, सोऱ्या फिरतोय, घाण्यावर घाणे निघतायत. पुढे काउंटरवर एक कंप्युटर, एक प्रिंटर आणि बी. कॉम. करणारी एक मुलगी. फोन घ्यायचा, ऑर्डर टाकायची, बिलाची कॉपी गिऱ्हाइकाच्या फाइलला आणि चिठ्ठी आत किचनमध्ये. सिस्टीम सोपी. बारा वर्षं चाललेली.

झालं काय, की एका बाईंनी फोनवर अडीच किलो चकली सांगितली. ऑर्डर पडली पंचवीस किलोची. पाचशे रुपये ॲडव्हान्स आला, जमा झाला. चिठ्ठी आत गेली. आतल्या बायका म्हणाल्या, 'असेल कुणाचं लग्नघर,' आणि भाजणी काढली. बाई न्यायला आल्या तेव्हा बिल पंधरा हजारांचं! त्यांचा चेहरा, मावशीचा चेहरा... असो. किलोला सहाशेच्या भावानं साडेतेरा हजारांचा माल घरात पडून.

आणि मावशी म्हणाली, 'हिच्या पगारातून कापणार.'

ती मुलगी दुसऱ्या दिवशी आलीच नाही. ऐन दिवाळीत. म्हणून काउंटरवर कोण? अर्थातच मी! 'तू घरीच असतेस ना' हे वाक्य फ्रीलान्सर लोकांनी कपाळावर गोंदवून घ्यावं.

मी मास कॉम केलंय, कंप्युटर सायन्स नाही. पण तीन दिवस त्या खुर्चीत बसल्यावर जे कळलं ते कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त होतं. पहिल्याच दुपारी मी एका आजोबांसाठी दीड किलो चिवडा टाकला. १.५. स्क्रीनवर आलं १५. परत टाकलं. परत १५. कीबोर्डच्या उजवीकडच्या नंबरांमधलं पॉइंटचं बटण दाबलं तर जात होतं, पण उमटत नव्हतं. उलटा करून झटकला तर बेसन पडलं, तीळ पडले आणि एक शेवेची काडी.

मावशीला बोलावलं. तिनं चष्मा लावला आणि पाच वेळा ते बटण दाबलं. पाचही वेळा काही नाही. मग ती काही न बोलता आत गेली आणि मला आतून फोनवरचा आवाज ऐकू आला. 'उद्या येतेस ना गं? येताना लक्ष्मी रोडवरून नवा कीबोर्ड घेऊन ये. पैसे देते.' आमच्या मावशीच्या डिक्शनरीत सॉरीला हाच शब्द आहे. पगारही पूर्ण दिला.

पण माझ्या डोक्यात एक किडा वळवळत राहिला. कीबोर्ड तर बिघडणारच. माणूस तर थकणारच. फोनवर 'अडीच'चं 'पंचवीस' ऐकू येणारच. मग एवढं पैसे देऊन घेतलेलं बिलिंग सॉफ्टवेअर काय करत होतं? आजवर एकाही घरगुती गिऱ्हाइकानं दहा किलोच्या वर चकली नेलेली नाही. दुकानातल्या कुठल्याही शहाण्या माणसानं पंचवीस ऐकून मान वर केली असती. सॉफ्टवेअरनं मान वर केली नाही, कारण मान वर कर असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

याला आयटीवाले 'व्हॅलिडेशन चेक' म्हणतात. फंडा सिंपल आहे. बिल सेव्ह होण्याआधी सॉफ्टवेअरनं स्वतःला चार प्रश्न विचारायचे आणि उत्तर खटकलं तर थांबायचं. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बिलिंग पॅकेजमध्ये यातले काही चेक सेटिंगमध्ये आधीपासून असतात, फक्त बंद असतात. बाकीचे ज्यानं सॉफ्टवेअर विकलं त्याच्याकडून करून घ्यावे लागतात. आमच्याकडे २०२५च्या उन्हाळ्यात एक कंप्युटरवाले दादा यायचे. चहा प्यायचे, 'होऊन जाईल मॅडम' म्हणायचे आणि आश्चर्य म्हणजे खरंच करायचे.

आता माझा गाढवपणा ऐका.

मी पहिल्या झटक्यात सगळंच कंपल्सरी करून टाकलं! नाव, मोबाइल, ईमेल, पूर्ण पत्ता, पिनकोड, जन्मतारीख (वाढदिवसाला मेसेज पाठवू, असं माझं मार्केटिंगवालं डोकं). एकही रकाना रिकामा असेल तर बिल होणारच नाही. काय सॉलिड सिस्टीम! दोन दिवसांनी डेटा उघडला. निम्म्या गिऱ्हाइकांचा मोबाइल नंबर दहा वेळा नऊ. ईमेल 'ए ॲट ए डॉट कॉम'. आणि जवळजवळ सगळे एक जानेवारीला जन्मलेले.

मी त्या मुलीकडे बघितलं. ती म्हणाली, 'ताई, माणूस पाव किलो शेव घ्यायला आलाय. मागे रांग आहे. त्याला जन्मतारीख विचारू?'

बरोबर होतं तिचं. मी चेक नव्हते लावले, जाच लावला होता. आणि जाच झाला की माणूस पळवाट काढतो. एकदा पळवाटेची सवय लागली की खरा चेकसुद्धा त्याच वाटेनं जातो. आधी रिकामा रकाना दिसला तर निदान कळत तरी होतं की माहिती नाही. आता खोटी माहिती होती, तीही खऱ्यासारखी दिसणारी.

मग तिनंच काउंटरच्या ड्रॉवरमधून एक वही काढली. रद्द झालेल्या बिलांची. प्रत्येक बिल स्टेपल केलेलं आणि शेजारी बॉलपेननं एक ओळ. 'पत्ता चुकला, परत आलं.' 'दोनदा बिल झालं.' 'खोके ऐवजी किलो.' 'तारीख उलटी.' कुणी सांगितलं नव्हतं, ती आपली ठेवत होती. मी हपापल्यासारखी ती वही वाचली. तिथून पुढे आमचा एकच नियम झाला. वहीत जी चूक नाही, तिच्यासाठी चेक नाही. जन्मतारीख गेली, ईमेल गेला, काउंटरवरच्या किरकोळ गिऱ्हाइकाचा पत्तासुद्धा गेला. पार्सल असेल तरच पत्ता. फोनवरची ऑर्डर असेल तर मोबाइल हवाच, दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होणारा. बास.

पहिला नंबर अर्थातच वजनाचा. इथे 'किलो' आणि 'नग' यांचं भांडण मिटवायचं होतं. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मापाला दशांश किती ठेवायचे ते ठरवता येतं. किलोला तीन, खोक्याला शून्य. म्हणजे अडीच किलो चालेल, अडीच खोके चालणार नाहीत. एवढ्यानं 'खोके ऐवजी किलो'वाल्या निम्म्या चुका संपल्या. मग जुनी बिलं काढून प्रत्येक पदार्थाला एक आकडा लावला. घरगुती गिऱ्हाइकाला चकली दहा किलोपर्यंत बिनबोभाट, त्याच्या वर गेलं की खिडकी उघडणार. ऑफिसच्या ऑर्डरींचा आकडा वेगळा, कारण हिंजवडीच्या एखाद्या कंपनीला दोनशे खोकी हा रोजचा मामला आहे. सगळ्यांना एकच आकडा लावला असता तर ती खिडकी दिवसभर उघडत राहिली असती, आणि मग कोण वाचतंय!

'कोण वाचतंय' यावर मी मावशीला एक खरी गोष्ट सांगितली. ८ डिसेंबर २००५, टोकियो. मिझुहो सिक्युरिटीज नावाच्या मोठ्या ब्रोकरकडे जे-कॉम या कंपनीचा एक शेअर ६ लाख १० हजार येनला विकायची ऑर्डर होती. कंपनीचा बाजारातला पहिलाच दिवस. ऑर्डर टाकणाऱ्यानं उलटं टाकलं. ६ लाख १० हजार शेअर, एक येनला एक! कंपनीचे एकूण शेअर होते साडेचौदा हजार. म्हणजे अस्तित्वात आहेत त्याच्या चाळीसपट शेअर विकायला काढले. स्क्रीनवर धोक्याची सूचना आली होती बरं का. ती बाजूला सारून ऑर्डर पुढे गेली. चूक लक्षात आल्यावर रद्द करायला गेले, तर शेअर बाजाराच्या सिस्टीमनं ती रद्दच केली नाही. फटका सुमारे ४० अब्ज येनचा. पुढे कोर्टबाजी झाली आणि २००९मध्ये कोर्टानं शेअर बाजारालाही त्यातला काही भाग भरायला लावला.

मावशी म्हणाली, 'त्याच्या पगारातून कापले का?'

आपल्याकडेही ५ ऑक्टोबर २०१२ ला एनएसईवर एका ब्रोकरच्या चुकीच्या ५९ ऑर्डरींनी निफ्टी काही क्षणांत सुमारे १५ टक्के खाली आणला होता. ट्रेडिंग थोडा वेळ बंद पडलं. ६५० कोटींच्या वरच्या ऑर्डरी होत्या त्या. हेही सांगितलं. मावशीला निफ्टीत इंटरेस्ट नाही, पण दुसऱ्यांचाही घोळ होतो या गोष्टीनं ती जाम खूश झाली.

मुद्दा हा, की नुसती सूचना दाखवणं म्हणजे चेक नव्हे. म्हणून आम्ही दोन प्रकार केले. एक 'थांब'. एक 'विचार'. 'थांब' म्हणजे काही केलं तरी बिल पुढे जाणार नाही, कारण तसं असूच शकत नाही. अर्धा खोका, नऊ आकडी मोबाइल, कालच्या तारखेची डिलिव्हरी. 'विचार' म्हणजे असू शकतं, पण एकदा गिऱ्हाइकाला विचार. त्या खिडकीत नुसतं 'ओके' नाही. कारण टाइप करायचं. चार शब्द तरी. दादांनी आधी 'येस' आणि 'नो' अशी दोन बटणं दिली होती. अर्ध्या दिवसात त्या मुलीचं बोट न बघता 'येस'वर जायला लागलं. तिचं काय चुकलं? रोज शंभर बिलं करणारं बोट आहे ते. टाइप करायला लावल्यावर मात्र थांबावंच लागतं. पण मग असे चेक मोजकेच हवेत. आमच्याकडे 'विचार'वाले चार आहेत. पाचवा लावायचा तर एक काढायचा, असं ठरलंय.

दोनदा झालेल्या बिलांचा चेक त्यातलाच. तोच मोबाइल, तोच दिवस, तीच रक्कम असली की खिडकी उघडते. बहुतेक वेळा एंटर दोनदा दाबलेला असतो. पण एकदा एका वहिनींनी दोन नणंदांना अगदी सारखे डबे पाठवले होते, पैशापैशानं सारखे! (कारण सांगायची गरज आहे का?) म्हणून हा 'थांब' नाही, 'विचार'.

पत्त्याची गंमत तर वेगळीच. माझ्या डोक्यात पिनकोड म्हणजे सहा आकडे. पुण्याचे ४११ नं सुरू होतात, मुंबईचे ४०० नं, गोव्याचे ४०३ नं. पहिला आकडा शून्य कधीच नसतो. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते, हे मला या निमित्तानं कळलं. पोस्टात कवी! तर मी ऐटीत चेक लावला. पिनकोड सहाच आकडी, शून्यानं सुरू नको. 'थांब'.

पहिल्याच आठवड्यात एक काका आले. मुलीला न्यू जर्सीला फराळ पाठवायचा. कुरिअर ते स्वतःच्या नावानं करणार, आम्ही फक्त माल आणि पार्सलवरचं लेबल द्यायचं. गाव एडिसन. झिप ०८८२०. पाच आकडी आणि वर शून्यानं सुरू! सॉफ्टवेअर म्हणालं, नाही. ती बिचारी काय करणार, तिनं पुढे एक शून्य वाढवून बघितलं, मागे वाढवून बघितलं. शेवटी हातानं लेबल लिहिलं. दादांनी चेक काढला, तर नवीन लफडं. झिपचा रकाना 'आकडा' म्हणून सेव्ह होत होता, त्यामुळे पुढचं शून्य गायब. ०८८२० चे ८८२०. म्हणजे चेक काढला तर माल भरकटणार, ठेवला तर निघणारच नाही. उपाय निघाला तो असा, की आधी देश विचारायचा. भारत असेल तर सहा आकडे. परदेश असेल तर तो रकाना अक्षरांसारखा साठवायचा आणि त्यात काहीही चालेल, कारण लंडनच्या पोस्टकोडात तर अक्षरंसुद्धा असतात. जगातल्या सगळ्या पत्त्यांची मला माहिती नाही, तर मी कशाला शहाणपणा करू? कोथरूडमधल्या निम्म्या घरांची मुलं बाहेर आहेत, हे मला कळायला हवं होतं.

आता जीएसटी. (पान उलटू नका, यातही थोडा मसाला आहे.) ऑफिसची ऑर्डर म्हणजे त्यांचा जीएसटी नंबर बिलावर हवा. पंधरा अक्षर-आकड्यांचा तो नंबर बरेचदा कुणीतरी फोनवर सांगतं, किंवा व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहून देतं. मग 'ओ' की शून्य, 'आय' की एक? चुकला की महिन्यानं त्यांच्या अकाउंट्सवाल्याचा फोन. 'नंबर चुकलाय मॅडम, बिल बदलून द्या, त्याशिवाय पेमेंट होणार नाही.' वहीत अशी बिलं ढीगभर होती. पैसे अडकले की मावशीचं ब्लडप्रेशर.

पण हा नंबर स्वतःच स्वतःची चूक सांगतो! पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०. पुढची दहा म्हणजे त्यांचा पॅन. त्यात आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, मग एक अक्षर. म्हणजे कुठल्या जागी 'ओ' आणि कुठल्या जागी शून्य, हा वादच संपला. तेराव्या जागी एकाच पॅनवर त्या राज्यातलं कितवं रजिस्ट्रेशन ते, चौदाव्या जागी एरवी झेड, आणि पंधरावं अक्षर आधीच्या चौदांवरून गणित करून काढलेलं. मधे एक जरी अक्षर चुकलं तरी ते गणित जुळत नाही. आधारचा बारावा आकडा किंवा पुस्तकाच्या मागच्या बारकोडातला शेवटचा आकडा हेच काम करतो. आपण ते आकडे रोज बघतो, आणि ते बिचारे गुपचूप चौकीदारी करत असतात. हा चेक 'थांब'मध्ये. शिवाय पहिल्या दोन आकड्यांवर एक छोटी जोड. २७ असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, माल बंगळुरूच्या २९वाल्या ऑफिसला चाललाय तर आयजीएसटी. आधी हे ती मुलगी हातानं निवडायची. तिनं का निवडावं?

सगळं सेट झालं, गणपती झाले, आम्ही निवांत. तेवढ्यात सरकारनं जीएसटीचे दर बदलले! २२ सप्टेंबर २०२५, नेमकी घटस्थापना. पॅकबंद, लेबल लावलेल्या चकली-शेव-चिवड्यावर आधी १२ टक्के होता तो ५ झाला. लाडू-करंजीवाल्या मिठाईवर आधीपासून ५ च होता. म्हणजे एकाच फराळाच्या खोक्यात आधी दोन दर नांदायचे, आता एक. मावशीला आनंद. पण लोचा असा, की ऑगस्टमध्ये घेऊन ठेवलेल्या ऑर्डरींमध्ये जुना दर चिकटून बसला होता. ऑक्टोबरमध्ये त्या ऑर्डरीचं बिल करायला गेलं की १२ टक्केच यायचा. हे कुणी पकडलं? मी नाही, दादांनी नाही. काउंटरवरच्या मुलीनं. म्हणाली, 'ताई, आजच्या दोन चकल्यांचे दोन दर कसे?'

दादांनी मग दर ऑर्डरीतून उचलायचा बंद केला. बिल ज्या तारखेचं, त्या तारखेला लागू असलेला दर पदार्थाच्या मास्टरमधून घ्यायचा. ऑर्डरीतला आणि मास्टरमधला दर जुळला नाही तर बिल अडणार. गिऱ्हाइकांनाही आधी सांगितलेल्यापेक्षा कमी बिल आलं. फराळवाल्याकडून असा फोन कुणाला येतो सांगा!

तारखेचं एक सांगायचं राहिलं. कंप्युटरवर तारीख अमेरिकन पद्धतीनं सेट होती, आधी महिना मग दिवस. ११ ऑक्टोबरला हवा असलेला फराळ ११/१० असा टाकला की सॉफ्टवेअर समजायचं १० नोव्हेंबर. वहीत 'तारीख उलटी' लिहिलेली ती हीच भानगड. सेटिंग बदललंच, पण वर एक 'विचार' ठेवला. २०२५ला भाऊबीज होती २३ ऑक्टोबरला. त्यानंतरची डिलिव्हरी दिसली की खिडकी विचारणार, 'भाऊबीजेनंतर?' भाऊबीजेनंतर फराळ हवा असलेला मराठी माणूस असतो, पण विरळा.

आणि हो, हे सगळं खऱ्या डेटावर ट्राय करायचं नाही! दादांनी कंपनीची एक कॉपी काढून दिली होती. आषाढातल्या दोन रिकाम्या दुपारी मी आणि ती मुलगी शेजारी बसून वहीतली एकेक जुनी चूक मुद्दाम परत करत होतो. तिनं चूक करायची, मी बघायचं सॉफ्टवेअर पकडतंय का. पकडलं की ती टाळी द्यायची. गेल्या वर्षी याच चुकांपायी तिला बोलणी खावी लागली होती. अडीचचे पंचवीस मात्र तिनं सगळ्यांत शेवटी टाकले. खिडकी उघडली. ती बराच वेळ नुसती बघत बसली.

मावशीची एक तक्रार उरलीच. भिशीच्या मैत्रिणीला तिनं शंकरपाळे खरेदीच्याही खालच्या भावात द्यायला घेतले, तर सॉफ्टवेअरनं तिलाच पासवर्ड विचारला. 'माझ्या दुकानात मला?' पासवर्ड तिच्याच मोबाइलचे शेवटचे चार आकडे आहेत आणि ते किचनमधल्या सातही जणींना पाठ आहेत. या चेकचा उपयोग शून्य. पण वहीत तशी एक चूक आहे, मावशीचीच, म्हणून ठेवलाय.

२०२५च्या दिवाळीत वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी सहज डोकावले. दुकानात तोबा गर्दी. फोन वाजला. मुलीनं खांद्यात धरला, टाइप केलं, आणि खिडकी उघडली.

'काकू, एक मिनिट हं. चकली अडीच किलो की पंचवीस?'

पलीकडून काहीतरी लांबलचक बोलणं. ती मान हलवत होती. मग तिनं कारणाच्या रकान्यात टाइप केलं, 'मुलाचं लग्न. दोनदा विचारलं.'

आतून कढईच्या आवाजावर मावशीचा आवाज आला. 'किती म्हणाल्या गं?'

'पंचवीस, काकू.'

'परत विचारलंस?'

'विचारलं.'

'मग काढा गं भाजणी.'